टाइप वन डायबिटीस आणि एचएलए जीन्स: "हे कुणाकडून आलं?" पासून सुरू होणारे नेहमीचे प्रश्न

मुलगी सहा वर्षांची असताना तिला टाइप वन निघाला, त्याला आता नऊ वर्षं होतील. या नऊ वर्षांत नातेवाईक, शेजारी, शाळेतल्या बाई आणि नव्याने डायग्नोसिस झालेल्या मुलांचे आईबाबा असे सगळे मिळून मला साधारण तेच तेच प्रश्न विचारतात, आणि मी दर वेळी फोनवर अर्धा तास बोलते. म्हणून म्हटलं एकदाचं लिहूनच ठेवावं. मी डॉक्टर नाही, कधीकाळी मायक्रोबायोलॉजीत बीएस्सी केलंय आणि नंतर गरज पडली म्हणून खूप वाचलंय, एवढंच. इन्सुलिनचा डोस, पंप, सेन्सर यातलं काही इथे नाहीये, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. इथे फक्त जीन्सचं.

आमच्या दोन्ही घरांत कुणालाच शुगर नाही, मग पोराला कशी काय झाली?

हा एक नंबरचा प्रश्न. आणि उत्तर ऐकून लोकांना विश्वासच बसत नाही. नव्याने टाइप वन निघणाऱ्या मुलांपैकी ८५ ते ९० टक्के मुलांच्या आईवडील-भावंडांत कुणालाही टाइप वन नसतो. म्हणजे "घरात कुणाला नाही" हे अपवाद नाही, हेच नेहमीचं आहे. जीन्स घरात असतात, पण गप्प असतात. एखादा आयुष्यभर ते घेऊन फिरतो आणि नव्वदाव्या वर्षी दुसऱ्याच कशाने तरी जातो, त्याला कळतही नाही आपल्याकडे काय होतं ते.

पण आजोबांना होती की शुगर! गोळ्या चालू होत्या.

ती टाइप टू. नाव सारखं, लघवीत साखर सारखी, पण आजार वेगळा. टाइप टूमध्ये जे जीन्स सापडतात (टीसीएफ७एल२ हा त्यातला प्रसिद्ध) ते इन्सुलिन किती तयार होतं, शरीर त्याला किती दाद देतं याच्याशी संबंधित आहेत. टाइप वनचे बहुतेक जीन्स मात्र इम्युन सिस्टीमचे आहेत, साखरेशी त्यांचं थेट देणंघेणं नाही. त्यामुळे "आजोबांची शुगर नातीला आली" हे वाक्य कृपा करून मुलांसमोर बोलू नका, आणि आजोबांसमोर तर अजिबात नको, आमच्याकडे सासरे त्या एका वाक्याने वर्षभर खचले होते.

इम्युन सिस्टीमचे म्हणजे? इम्युनिटी कमी पडली म्हणून झालं का? काढा वगैरे देऊ का?

नाही हो. इम्युनिटी कमी पडलेली नाही, ती चुकलीय. स्वादुपिंडात, म्हणजे पॅन्क्रियासमध्ये, छोटी छोटी बेटं असतात, त्यातल्या बीटा पेशी इन्सुलिन बनवतात. आपल्याच टी पेशी, म्हणजे इम्युन सिस्टीमच्या शिपाई पेशी, त्यांना परक्या समजून मारतात. हल्ला जोरात आहे, नेम चुकीचा आहे. त्यामुळे इम्युनिटी "वाढवण्याने" यात काही साधत नाही. काढा प्यायचा तर चवीला प्या, इन्सुलिनच्या जागी नाही, आणि हे मी गमतीत लिहीत नाहीये, इन्सुलिन बंद करून मूल आयसीयूत गेल्याचं मी जवळून पाहिलंय.

हे एचएलए एचएलए म्हणतात ते नक्की काय आहे?

किडनी ट्रान्सप्लांटच्या वेळी "मॅच झालं का" विचारतात ना, तेच. सहाव्या क्रोमोझोमच्या आखूड बाजूवर जीन्सची एक गजबजलेली वस्ती आहे, तिथले हे जीन्स. फ्रान्सच्या झाँ दोसे यांनी १९५८ मध्ये यातला पहिला शोधला आणि १९८० मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं (दोघांसोबत वाटून). माणसामाणसांत सगळ्यात जास्त फरक असलेले जीन्स म्हणजे हे, म्हणून तर डोनर मिळायला एवढी मारामार होते.

काम काय करतात? मी सगळ्यांना द्रोणाचं उदाहरण देते. पंगतीत पानाचा द्रोण असतो तशी ही एचएलएची प्रथिनं पेशीच्या बाहेरच्या बाजूला उभी असतात आणि प्रत्येकात प्रोटीनचा एक बारीक तुकडा ठेवलेला असतो. टी पेशी येऊन तो तुकडा बघतात. ओळखीचा, घरचा असेल तर पुढे जातात, व्हायरसचा किंवा बॅक्टेरियाचा असेल तर बोंब मारतात. टी पेशीला तुकडा नुसता दिसत नाही, द्रोणात ठेवूनच दाखवावा लागतो. आणि द्रोणाचा आकार ठरवतो की त्यात कुठला तुकडा नीट बसेल आणि कुठला घसरेल.

दोन प्रकार असतात, क्लास वन आणि क्लास टू. क्लास वन जवळपास सगळ्या पेशींवर असतं, क्लास टू मुख्यतः इम्युन सिस्टीमच्याच काही पेशींवर. टाइप वनमध्ये सगळ्यात मोठा हात क्लास टूचा आहे, त्यातही डीआर आणि डीक्यू या दोघांचा. टाइप वनच्या एकूण आनुवंशिक धोक्यातला साधारण निम्मा वाटा एकट्या एचएलए वस्तीचा धरतात, बाकीचे सगळे जीन्स मिळून उरलेला निम्मा.

मग त्या द्रोणात गडबड काय होते?

हा भाग मला स्वतःला फार आवडतो म्हणून थोडं लांबेल.

आपल्या छातीत, हृदयाच्या वर, थायमस नावाची ग्रंथी असते. टी पेशींचं ट्रेनिंग तिथे होतं, नाशिकला पोलीस अकादमी आहे तसं समजा. तिथे त्यांना शरीरातल्या घरच्या प्रोटीनचे तुकडे द्रोणात घालून दाखवतात, आणि जी टी पेशी घरच्याच तुकड्यावर जोरात तुटून पडते तिला तिथल्या तिथे संपवतात, बाहेर जाऊच देत नाहीत. इन्सुलिनचे तुकडेसुद्धा तिथे दाखवले जातात. आता समजा तुमचा द्रोण असा आहे की इन्सुलिनचा तो ठराविक तुकडा त्यात नीट बसतच नाही, लडबडतो. मग परीक्षाच नीट होत नाही. इन्सुलिनवर डूख धरणाऱ्या काही टी पेशी पास होऊन बाहेर पडतात. पुढे स्वादुपिंडाच्या आसपास, जिथे इन्सुलिनचा महापूर असतो, तिथे त्यांना तो तुकडा पुन्हा भेटतो आणि मग सुरू. हे सगळ्यात जास्त मानलं जाणारं स्पष्टीकरण आहे.

आकार कशाने बदलतो तर कधी कधी एका मण्याने. प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची माळ. १९८७ मध्ये टॉड, बेल आणि मॅकडेव्हिट यांनी दाखवलं की डीक्यूच्या बीटा साखळीत ५७ व्या जागी अ‍ॅस्पार्टिक अ‍ॅसिड असेल तर धोका कमी, आणि तिथे अ‍ॅलॅनिनसारखं दुसरं काही असेल तर धोका जास्त. ५७ वा मणी द्रोणाच्या एका टोकाला येतो, तिथला खळगाच बदलतो. ज्या उंदरांना आपोआप असा डायबिटीस होतो (एनओडी उंदीर) त्यांच्यातही बरोब्बर त्याच जागी बदल आहे, हे वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. अर्थात नियमाला अपवाद आहेतच, जपानमध्ये टाइप वनशी जोडलेले जे डीक्यू प्रकार आहेत त्यात ५७ ला अ‍ॅस्पार्टिक अ‍ॅसिडच असतं. त्यामुळे एक मणी बघून भविष्य सांगणारे भेटले तर नमस्कार करून पुढे जा.

रिपोर्टवर डीआर३, डीआर४, डीक्यू२, डीक्यू८ असं काय काय लिहिलंय. वाचायचं कसं?

घाबरू नका, चार शब्द आहेत फक्त. हे जीन्स एकमेकांच्या इतके जवळ आहेत की सहसा गठ्ठ्यानेच मुलाकडे जातात. टाइप वनसाठी दोन गठ्ठे महत्त्वाचे, एक डीआर३ सोबत डीक्यू२, दुसरा डीआर४ सोबत डीक्यू८. युरोपीय वंशाच्या टाइप वन मुलांपैकी साधारण ९० टक्के मुलांत यातला निदान एक तरी असतो. दोन्ही असतील, म्हणजे आईकडून एक आणि वडिलांकडून दुसरा, तर धोका सगळ्यात जास्त.

किती जास्त? तिकडच्या साध्या लोकसंख्येत मुलाला टाइप वन व्हायची शक्यता ३०० मध्ये एक च्या आसपास. डीआर३ आणि डीआर४ दोन्ही असलेल्या, पण घरात कुणाला आजार नसलेल्या मुलात ती १५ वर्षांपर्यंत २० मध्ये एक अशी होते. आता हेच उलटं वाचा. २० पैकी १९ मुलांना, सगळ्यात वाईट समजला जाणारा पत्ता हातात असूनही, काहीच होत नाही. हे १९ लोक विसरतात आणि रिपोर्ट बघून रडत बसतात (मी पण बसले होते).

रिपोर्टवर डीआरबी१ मग स्टार आणि मग ०३:०१ असे आकडे असतील तर ते त्याच गोष्टीचं बारीक वर्गीकरण आहे. डीआर४ च्या आत कितीतरी पोटप्रकार आहेत आणि सगळे सारखे धोक्याचे नाहीत, ०४:०३ तर उलट सांभाळणारा आहे. म्हणून नुसतं "डीआर४ पॉझिटिव्ह" यावर फार अर्थ लावू नये.

म्हणजे आईकडून आलं की बापाकडून? खरं सांगा.

हा प्रश्न मला पहिल्यांदा हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये एका जवळच्या बाईंनी विचारला, पोरगी आत सलाईनवर होती. आणि विचारताना उत्तर ठरलेलंच होतं, माझ्या माहेराचं. तेव्हा मला बोलता आलं नाही म्हणून आता सविस्तर लिहिते.

डीक्यूचा द्रोण दोन पानं जोडून बनतो, एक अल्फा आणि एक बीटा. दोन्ही पानांचे जीन्स वेगवेगळे आहेत. मुलाला आईकडून एक अल्फा एक बीटा मिळतं, वडिलांकडून एक अल्फा एक बीटा. आता शरीर काही "हे माहेरचं हे सासरचं" असं बघत नाही, ते जमेल ती पानं टाचतं. त्यामुळे डीआर३ च्या गठ्ठ्यातलं अल्फा आणि डीआर४ च्या गठ्ठ्यातलं बीटा असं मिळून एक तिसराच द्रोण तयार होतो. डीआर३ नि डीआर४ एकत्र आले की धोका नुसत्या बेरजेपेक्षा जास्त का वाढतो याचं एक मोठं कारण हा मिश्र द्रोण मानतात.

आणि गंमत बघा, आईकडे फक्त डीआर३ असेल आणि वडिलांकडे फक्त डीआर४ असेल तर हा द्रोण आईच्या शरीरात नसतो, वडिलांच्या शरीरात नसतो, दोघांच्या घराण्यात कुणाच्याच शरीरात कदाचित कधी बनला नसेल. तो पहिल्यांदा बनतो तो थेट मुलात. मग सांगा, कुणाच्या घराण्याचा?

आमच्या मुलीचं असंच निघालं. एक माझ्याकडून, एक तिच्या बाबाकडून. मी तो रिपोर्ट लॅमिनेट करून कुणाला पाठवला नाही, पण इच्छा झाली होती.

आकड्यांत बघायचं तर वडिलांना टाइप वन असेल तर मुलाला व्हायची शक्यता ६ टक्क्यांच्या आसपास, आईला असेल तर साधारण ३ टक्के. म्हणजे बायकांना टोमणे मारणाऱ्यांनी हेही एकदा वाचावं.

दुसऱ्या मुलाला होईल का?

भावंडांचा सरसकट आकडा ५-६ टक्के, म्हणजे शंभरातल्या ९४-९५ भावंडांना होत नाही. पण हा सरासरीचा आकडा आहे. आईचे दोन गठ्ठे, वडिलांचे दोन, त्यामुळे दोन भावंडांचे दोन्ही गठ्ठे जुळायची शक्यता चारात एक, एक जुळायची निम्मी, एकही न जुळायची चारात एक (किडनी डोनर शोधताना भावंडांचं हेच गणित करतात). दोन्ही जुळले आणि तेही डीआर३/डीआर४ असले तर धोका एकदम वर जातो. अमेरिकेतल्या कोलोरॅडोमध्ये अशा थोड्या भावंडांना वर्षानुवर्षं फॉलो केलं तर १५ वर्षांपर्यंत त्यांच्यातल्या जवळपास ८५ टक्के मुलांत बीटा पेशींविरुद्ध अँटीबॉडी (हल्ला सुरू झाल्याची रक्तातली खूण) दिसल्या होत्या. मुलं थोडी होती, तरी आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

टेस्ट करा न करा, पण धाकट्याला खूप तहान लागतेय, रात्री परत अंथरूण ओलं व्हायला लागलंय, वजन उतरतंय असं दिसलं तर घरातल्याच ग्लुकोमीटरवर लगेच बघा. "उन्हाळा आहे म्हणून पितोय पाणी" यात आमचे पहिले दहा दिवस गेले होते.

जीन्समुळेच होतं तर जुळ्यांपैकी एकालाच कसं होतं?

कारण जीन्समुळे "च" होत नाही. एकसारख्या जुळ्यांत एकाला टाइप वन असेल तर दुसऱ्याला लगेच होतो असं नाही. खूप वर्षं थांबून बघितलं, तर २००८ मध्ये आलेल्या अभ्यासात साठीपर्यंत ६५ टक्के जुळ्यांत दुसऱ्यालाही झालेला दिसला. म्हणजे जीन्स शंभर टक्के तेच, तरी तिघांतला एक साठीपर्यंत सुटला. आणि ज्यांना झाला त्यांच्यातही मध्ये कधी कधी कितीतरी वर्षांचं अंतर.

मग उरलेलं काय? चॉकलेट? लस? टेन्शन?

चॉकलेट, साखर, आईने प्रेग्नन्सीत खाल्लेले पेढे, यातल्या कशाने टाइप वन होत नाही. लसीनेही होत नाही, ते खूप तपासून झालंय.

बाहेरचं काहीतरी आहे हे मात्र नक्की. सगळ्यात चांगलं उदाहरण फिनलंडचं. तिथे १५ वर्षांखालच्या दर लाख मुलांत वर्षाला ५० पेक्षा जास्त नव्या केसेस, जगात सगळ्यात वर. सीमेपलीकडे रशियाचा कारेलिया भाग, तिथल्या लोकांचे एचएलए जीन्स बरेचसे तसेच, पण टाइप वन सहापटीने कमी. जीन्स तेच, सीमा ओलांडली की आजार कमी. शिवाय युरोपात केसेस वर्षाला ३ टक्क्यांच्या आसपास वाढत आल्यात, आणि जीन्स काही ५० वर्षांत बदलत नसतात. ब्रिटनमध्ये तर जुने पेशंट आणि नवे पेशंट यांची तुलना केली तेव्हा नव्यांमध्ये सगळ्यात जास्त धोक्याच्या एचएलएवाल्यांचं प्रमाण कमी झालेलं दिसलं. म्हणजे पूर्वी ज्यांना झाला नसता अशा मध्यम धोक्याच्या लोकांनाही आता व्हायला लागलाय.

व्हायरसवर संशय जुना आहे, विशेषतः कॉक्सॅकी बी. टेडी नावाचा एक प्रचंड अभ्यास आहे, अमेरिका, फिनलंड, स्वीडन, जर्मनी मिळून ४ लाखांवर नवजात बाळांचं एचएलए तपासलं आणि त्यातल्या धोक्याच्या साडेआठ हजारांहून जास्त मुलांना वर्षानुवर्षं फॉलो केलं. त्यात एक फार छान गोष्ट निघाली. डीआर४ वाल्या मुलांत बहुतेकदा पहिली अँटीबॉडी इन्सुलिनविरुद्ध येते आणि तीही लवकर, वय एक-दोनच्या आसपास. डीआर३ वाल्यांत पहिली येते ती गॅड नावाच्या प्रोटीनविरुद्ध आणि जरा उशिरा. म्हणजे टाइप वन हा एकच आजार आहे का दोन वाटांनी एकाच गावाला पोचणारे दोन, असं विचारायची वेळ आलीय.

एचएलए सोडून बाकीचे कुठले जीन्स?

साठच्या वर जागा सापडल्यात. सगळ्या लिहीत नाही, झोप येईल. मला महत्त्वाच्या वाटतात त्या सांगते.

इन्सुलिनचाच जीन, क्रोमोझोम ११ वर. त्याच्या अगदी शेजारी डीएनएचा एक तुकडा परत परत येतो, काहींत कमी वेळा काहींत जास्त. जास्त वेळा येणारा प्रकार असेल तर थायमसमध्ये इन्सुलिन दोन-तीनपट जास्त बनतं. म्हणजे वरच्या अकादमीत टी पेशींना इन्सुलिनची ओळख नीट करून दिली जाते आणि धोका कमी होतो. किती साधं आहे बघा, द्रोण आणि त्यात ठेवायचा पदार्थ, दोन्हीकडून गोष्ट तिथेच येते.

पीटीपीएन२२ हा टी पेशीचा ब्रेक-अ‍ॅक्सिलेटर सांभाळणारा, २००४ मध्ये त्याचा टाइप वनशी संबंध कळला, संधिवात आणि थायरॉईडच्या ऑटोइम्युन (म्हणजे इम्युन सिस्टीम आपल्याच शरीरावर उलटते अशा) आजारातही तोच निघतो. सीटीएलए४ हा पण ब्रेक. आयएल२आरए हा समजूत घालणाऱ्या, म्हणजे रेग्युलेटरी टी पेशींशी संबंधित. आणि आयएफआयएच१ व्हायरस ओळखणारा, याची गंमत अशी की तो नीट काम करत नसेल तर टाइप वनचा धोका कमी होतो. व्हायरसवाल्या संशयाला यामुळे बळ मिळतं.

एचएलए सोडला तर यातला एकेक जीन धोका थोडासाच हलवतो.

सांभाळणारे जीन्स पण असतात का?

हो, आणि त्यांच्याबद्दल कुणी बोलतच नाही. डीक्यू६ चा एक प्रकार आहे, डीक्यूबी१ ०६:०२. अमेरिकेत साध्या लोकांत साधारण २० टक्क्यांकडे असतो आणि टाइप वन असलेल्या मुलांत जेमतेम १ टक्क्याकडे. धोक्याचा गठ्ठा सोबत असला तरी हा बहुतेक वेळा निभावून नेतो. पण हाच डीक्यू६ नार्कोलेप्सी या झोपेच्या आजाराशी घट्ट जोडलेला आहे. म्हणजे चांगला जीन वाईट जीन असं काही नसतं, इकडे वाचवतो तिकडे अडकवतो.

हे सगळं गोऱ्यांचं झालं. आपल्याकडे काय?

बरोबर प्रश्न आहे, बहुतेक अभ्यास युरोपीय लोकांवरच झालेत. आपल्याकडे डीआर३ चा जोर जास्त आहे. दिल्लीच्या एम्समध्ये नरिंदर मेहरा यांच्या टीमने यावर बरंच काम केलं. युरोपात डीआर३ सहसा ए१-बी८-डीआर३ अशा गठ्ठ्यात येतो (ए आणि बी हे क्लास वनचे जीन्स), आपल्याकडे तो ए२६-बी८-डीआर३ असा वेगळ्याच सोबत्यांबरोबर येतो. म्हणजे डीआर३ तोच पण त्याची वस्ती वेगळी. पीटीपीएन२२ चा तो युरोपातला धोक्याचा प्रकार आपल्यात फारच कमी सापडतो.

आणि पुण्याचं काम तर आपल्या अभिमानाचं. केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या टीमने, हैदराबादची सीसीएमबी ही संशोधन संस्था आणि इंग्लंडची एक्सेटर युनिव्हर्सिटी यांच्यासोबत, युरोपीय लोकांवरून बनवलेला जेनेटिक रिस्क स्कोअर (अनेक जीन्सचा धोका मिळून काढलेला एक आकडा) पुण्यातल्या पेशंटवर लावून बघितला, २०२० मध्ये ते छापून आलं. स्कोअर आपल्याकडेही टाइप वन आणि टाइप टू वेगळे ओळखायला उपयोगी पडला, फक्त युरोपातल्यापेक्षा थोडा कमी अचूक. हे महत्त्वाचं का, तर आपल्याकडे टाइप टू पण तरुण वयात आणि सडपातळ लोकांत होतो. २५ वर्षांचा बारीक मुलगा, शुगर ४००, टाइप कुठला? अंदाज चुकला तर एकाला उगाच इन्सुलिन आणि दुसऱ्याला नुसत्या गोळ्या, आणि ते दुसरं जिवावर बेततं.

मग एचएलए टेस्ट करून घेऊ का?

उत्सुकता म्हणून? माझं मत विचाराल तर नको. डायग्नोसिस झालेल्या मुलाच्या ट्रीटमेंटमध्ये त्याने काही बदलत नाही, इन्सुलिन तेच. आमची झाली ती एका अभ्यासात भाग घेतला म्हणून. थुंकीवरून वंशावळ सांगणाऱ्या कंपन्यांच्या रिपोर्टवर तर याबाबतीत विसंबूच नका.

भावंडाची काळजी वाटत असेल तर अँटीबॉडी टेस्टबद्दल डॉक्टरांशी बोला. जीन्स सांगतात काय होऊ शकतं, अँटीबॉडी सांगतात काय सुरू झालंय. इन्सुलिन, गॅड, आयए-२ आणि झिंक ट्रान्सपोर्टर ८ अशा चार मुख्य. यातल्या दोन किंवा जास्त पॉझिटिव्ह असलेल्या मुलांपैकी साधारण ७० टक्के मुलांना पुढच्या दहा वर्षांत डायबिटीस होतो, म्हणून आता शुगर नॉर्मल असली तरी याला टाइप वनची पहिली स्टेज म्हणतात. शुगर थोडी बिघडली की दुसरी, लक्षणं आली की तिसरी. एकच अँटीबॉडी असेल तर मात्र बऱ्याच जणांत पुढे काही होत नाही.

इटलीने २०२३ मध्ये कायदाच केला मुलांचं टाइप वन आणि सीलिएकसाठी (गव्हातलं ग्लुटेन न सोसण्याचा आजार) स्क्रीनिंग करायचा. फायदा हा की मूल कीटोअ‍ॅसिडोसिसमध्ये (इन्सुलिनअभावी रक्तात आम्ल साचतं त्यात) बेशुद्ध होऊन दाखल होण्याआधी घरच्यांना माहीत असतं. आपल्याकडे असा सरकारी कार्यक्रम नाही.

आधी कळलं तर थांबवता येतं का?

थांबवता नाही, लांबवता येतं. टेप्लिझुमॅब नावाचं औषध अमेरिकेत नोव्हेंबर २०२२ मध्ये मंजूर झालं, आठ वर्षांपुढच्या आणि दुसऱ्या स्टेजच्या लोकांसाठी. ट्रायलमध्ये साधारण दोन वर्षं किंवा थोडं जास्त पुढे ढकललं गेलं. दोन वर्षं म्हणजे काय विशेष, असं कुणी म्हणालं तर त्यांनी पाच वर्षांच्या मुलाला रात्री दोन वाजता टोचून बघावं. आणि इथेही एचएलए आलंच, ज्यांच्यात डीआर४ होता किंवा डीआर३ नव्हता त्यांना या औषधाचा फायदा जास्त दिसला.

टाइप वन झाल्यावर डॉक्टर थायरॉईड आणि सीलिएकची टेस्ट का सांगतात? पैसे काढायला?

नाही, ते खरंच गरजेचं आहे. डीक्यू२ आणि डीक्यू८ हेच द्रोण सीलिएकचेही आहेत, तिथे त्यांच्यात गव्हातल्या ग्लुटेनचा तुकडा मस्त बसतो. थायरॉईडच्या ऑटोइम्युन आजाराशीही जीन्स सामायिक आहेत. पोट दुखतंय, उंची वाढत नाही, शुगर कारण नसताना खाली जातेय असं असेल तर टाळू नका. पण टेस्टआधी स्वतःच्या मनाने पोळी बंद करू नका, ग्लुटेन बंद केलं की टेस्ट खोटी निगेटिव्ह येते.

नात्यात लग्न झालंय, मामाची मुलगी केली. त्यामुळे का?

नेहमीच्या टाइप वनचा दोष नात्यातल्या लग्नावर ढकलता येत नाही, तो अनेक जीन्स आणि बाहेरचं काहीतरी मिळून होतो. नात्यातल्या लग्नाने वाढतात ते एकाच जीनचे दुर्मिळ आजार. बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल आणि शुगर वाढली असेल तर तो बहुतेकदा टाइप वन नसतोच, एकाच जीनचा नवजात डायबिटीस असतो, आणि त्यातल्या काही बाळांचं इन्सुलिन सुटून ती चक्क गोळीवर येतात. म्हणून अशा बाळाची जेनेटिक टेस्ट झालीच पाहिजे, तिथे खर्चाचा विचार करू नका.

सोयरीक जुळवताना एचएलए बघायचं का, असंही एका काकांनी विचारलंय. नाही काका. पत्रिकेत आधीच पुरेसे कॉलम आहेत.

एचएलएचा जुना रिपोर्ट आहे, परत करायला लागेल का? फेकून देऊ?

फेकू नका, फाइलला लावून ठेवा. एचएलए जन्मभर बदलत नाही, त्यामुळे टाइप वनसाठी परत परत करायची गरज नसते. रक्तातून बदलेल ते फक्त दुसऱ्याचा बोन मॅरो घातला तर. जुना रिपोर्ट नुसता "डीआर४" एवढंच सांगत असेल आणि कुठल्या अभ्यासासाठी किंवा ट्रायलसाठी पोटप्रकार हवा असेल तर ते लोक स्वतःच परत करून घेतात, तुम्ही खिशातून करू नका. आमचा रिपोर्ट लसीकरणाच्या कार्डामागे आहे, आणि शाळेच्या फॉर्मवर "आनुवंशिक आजार" असा रकाना आला की मी तिथे रेघ मारते.